काउंटरवर विंडोज, खिशात अँड्रॉइड: प्रोग्रामच्या खिडक्यांसाठी लायब्ररी निवडताना

पूर्वी ग्रामपंचायतीत असलेलं आणि आता नागपूर महापालिकेत आलेलं हुडकेश्वर गेल्या काही वर्षांत झपाट्यानं वाढलं. नवीन ले-आउट पडले, दवाखाने आले, हार्डवेअरची आणि औषधांची दुकानं आली. अशा एखाद्या दुकानासाठी बिलाचा आणि मालाच्या हिशेबाचा प्रोग्राम करून द्यायचा, असं समजा. काउंटरवर विंडोजचा जुना संगणक आहे. मालकाला तोच हिशेब घरी बसून अँड्रॉइड फोनवर पाहायचा आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर उबंटू आहे. आणि गिऱ्हाइकाचं नाव, मालाचं नाव, पत्ता हे सगळं मराठीत हवं आहे.

हा प्रोग्राम तीनदा लिहायचा की एकदा? एकदाच लिहायचा असेल तर कशाच्या आधारावर? प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या पुढच्या पाच-दहा वर्षांच्या कष्टांचा हिशेब या उत्तरावर ठरतो, आणि बहुतेक वेळा ते उत्तर पहिल्याच दिवशी, फारसा विचार न करता दिलं जातं.

अडचण मुळात अशी आहे की पडद्यावरचं साधं बटण प्रत्येक प्रणालीत वेगळ्या रीतीनं मागावं लागतं. विंडोजची पद्धत निराळी, मॅकची निराळी, लिनक्सची आणखी निराळी. खिडकी उघडणं, यादी दाखवणं, माउसचा क्लिक ओळखणं यांपैकी काहीच एकसारखं नाही. म्हणून प्रोग्राम आणि प्रणाली यांच्या मधे एक लायब्ररी बसवतात. प्रोग्राम तिला म्हणतो, ‘एक बटण दे’. ते कुठे आणि कसं द्यायचं, हे ती पाहते.

या क्षेत्रातल्या सर्वांत प्रसिद्ध लायब्ररीचा जन्मही अशाच एका गरजेतून झाला. १९९०च्या सुमारास नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात हावार्ड नोर्ड आणि आइरिक शांब-एंग हे दोन तरुण सोनोग्राफीच्या चित्रांचा संग्रह ठेवणारा प्रोग्राम लिहीत होते. तो युनिक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालायला हवा होता. त्यातून जी कल्पना निघाली तिची क्यूटी झाली. १९९४ साली त्यांनी कंपनी काढली आणि १९९५ साली क्यूटीची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. त्याआधी, १९९२ साली, एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी आज डब्ल्यूएक्सविजेट्स म्हणून ओळखली जाणारी लायब्ररी सुरू केली होती. जीटीकेचा जन्म अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला: दोन विद्यार्थ्यांना आपल्या गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी हाताशी असलेली लायब्ररी पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःची लिहिली.

आज नावं डझनावारी आहेत, पण त्यांच्या कामाच्या रीती मुख्यतः तीन.

पहिली रीत: प्रणालीकडे तयार असलेलीच बटणं वापरायची. डब्ल्यूएक्सविजेट्स विंडोजवर विंडोजचं खरं बटण मागते, मॅकवर मॅकचं आणि लिनक्सवर जीटीकेचं. प्रोग्राम त्या-त्या यंत्रावर घरचाच वाटतो. मात्र प्रत्येक प्रणालीतल्या बारीकसारीक फरकांशी झुंजावं लागतं.

दुसरी रीत: सगळं स्वतः रंगवायचं. जावाचं स्विंग, गुगलचं फ्लटर, डॉटनेटवरचं ॲव्हलोनिया ही या वाटेची. क्यूटीसुद्धा स्वतःच रंगवते, पण यजमान प्रणालीचं रूप घेण्याचा प्रयत्न करते. सगळीकडे दिसणं जवळजवळ सारखं राहतं. मात्र अक्षरं, कर्सर, आंधळ्या वापरकर्त्यांसाठीची सोय, या सगळ्याची जबाबदारी लायब्ररीवर येऊन पडते.

तिसरी रीत: प्रोग्रामच्या पोटात ब्राउझरच बसवायचा. २०१३ साली गिटहबमध्ये सुरू झालेलं इलेक्ट्रॉन हेच करतं. व्हीएस कोड त्यावरच चालतं. वेबची कामं येणाऱ्याला हे सोपं जातं. किंमत मोजावी लागते ती आकारात: प्रत्येक प्रोग्रामसोबत क्रोमियम ब्राउझरचा अख्खा गाभा येतो आणि साधी रिकामी खिडकीही शंभर एमबीच्या पुढे जाते. टॉरीसारख्या नव्या लायब्ररी यंत्रावर आधीच असलेला वेबचा घटक वापरून हे वजन कमी करतात.

यांतल्या पहिल्या दोन रीती एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर परदेशी जायची गरज नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं, महागड्या परवान्यांवाचून विद्यार्थ्यांचं अडू नये, हा त्याचा हेतू. पैसा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून आला. फॉसीनं स्वतः घडवलेली किंवा पुरस्कारलेली सॉफ्टवेअरं म्हणजे लायब्ररींच्या निवडीचं प्रदर्शनच आहे.

इलेक्ट्रॉनिक्सचं सर्किट आखून तपासणारं ईसिम घ्या. त्याची मुख्य खिडकी पायथॉनमधून क्यूटी वापरून, म्हणजे पायक्यूटीनं, केलेली आहे. पण सर्किटचा आराखडा काढायला ते किकॅड हा प्रोग्राम उघडतं, आणि किकॅड डब्ल्यूएक्सविजेट्सवर उभा आहे. म्हणजे विद्यार्थी एका कामात दोन लायब्ररींच्या खिडक्या हाताळतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘आयएस ८००:२००७’ या भारतीय मानकानुसार पोलादी जोडांचं डिझाइन करणारं ऑस्डॅगही पायथॉन आणि क्यूटीच्याच घरातलं. गणितासाठीच्या सायलॅबच्या खिडक्या जावाच्या. रासायनिक प्रक्रियांसाठीच्या डीडब्ल्यूसिमची गोष्ट तर आणखी बोलकी आहे: त्याचं जुनं रूप खास विंडोजसाठीचं. लिनक्स आणि मॅकवर जाण्यासाठी इटो फॉर्म्स ही लायब्ररी वापरून दुसरं रूप करावं लागलं, आणि एकाच प्रोग्रामचे दोन चेहरे सांभाळणं भाग पडलं. सुरुवातीची निवड पुढे किती काम वाढवते, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

याच आयआयटीच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांचं मायावी हे सॉफ्टवेअर दुसरा धडा देतं. हवेचा प्रवाह, तापमान, दाब अशा आकड्यांची त्रिमितीय चित्रं ते काढतं आणि जगभरचे संशोधक ते वापरतात. २०००च्या दशकाच्या सुरुवातीची त्याची पहिली आवृत्ती टीकेइंटरवर, म्हणजे पायथॉनसोबत आयत्या मिळणाऱ्या लायब्ररीवर, होती. दुसरी आवृत्ती नव्यानं लिहिताना तिचा पाया ट्रेट्सयूआय हा ठेवला गेला. यात प्रोग्राम लिहिणारा ‘मला एवढी माहिती दाखवायची आहे, एवढी बदलू द्यायची आहे’ इतकंच सांगतो. ती डब्ल्यूएक्सनं दाखवायची की क्यूटीनं, हे प्रोग्राम सुरू होताना ठरवता येतं. पुढे पायथॉनच्या जगात क्यूटीचं चलन वाढलं, तेव्हा मायावीला आपला गाभा पुन्हा लिहावा लागला नाही.

प्रत्येकानं असा मधला थर स्वतः बांधावा, असं नाही. पण हिशेबाचं गणित एका ठिकाणी आणि खिडक्या दुसऱ्या ठिकाणी, एवढी शिस्त तर कोणालाही पाळता येते. बटणाच्या क्लिकमध्येच जीएसटीचं गणित लिहून ठेवणाऱ्याला लायब्ररी बदलणं म्हणजे प्रोग्राम पुन्हा लिहिणंच होऊन बसतं.

आणि बदलण्याची वेळ येतेच. मोठ्या मोठ्या प्रकल्पांवरही आली आहे. व्हीएलसी आधी डब्ल्यूएक्सविजेट्सवर होता. २००८ सालच्या ०.९ या आवृत्तीपासून तो क्यूटीवर आला. नेटवर्क तपासणारं वायरशार्क अनेक वर्षं जीटीकेवर होतं. लिनक्सवर ते छान चालायचं, पण मॅकवर ते परकं वाटायचं आणि त्यासाठी एक्स११ ही वेगळी व्यवस्था बसवावी लागायची. २०१५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तेही क्यूटीवर गेलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हौसेनं समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी सुरू केलेलं सबसरफेस २०१३ साली त्याच वाटेनं गेलं.

इथवरच्या गोष्टी जगात कुठल्याही प्रोग्रामला लागू आहेत. मराठी प्रोग्रामसाठी खरी कसोटी यापुढे सुरू होते.

‘हुडकेश्वर’ हाच शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत त्याची ९ चिन्हं असतात: ह, उकार, ड, क, मात्रा, श, हलन्त, व, र. युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे हा शब्द २७ बाइटांचा. डोळ्यांना मात्र त्यात पाचच अक्षरं दिसतात: हु, ड, के, श्व, र. बाण-कळ दाबत शब्दावरून जाताना कर्सरनं या पाच अक्षरांच्या सीमांवरच थांबायला हवं; श आणि व यांच्या मधे तो अडकला, तर लायब्ररी कच्ची. रकान्यात जागा कमी म्हणून प्रोग्रामनं पहिली ७ चिन्हं ठेवून बाकीची कापली, तर बिलावर ‘हुडकेश्’ असा लंगडा शब्द छापला जाईल. चिन्हं मोजून मराठी शब्द कापता येत नाही; अक्षरं मोजावी लागतात.

आता शेजारचं दिघोरी. ‘दि’मध्ये आधी द साठवला जातो, मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी द-च्या आधी यायला हवी. वर्धा रोडवरच्या ‘वर्धा’त र आणि हलन्त धा-च्या आधी साठवलेले असतात, पण रफार मात्र धा-च्या डोक्यावर बसायला हवा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य हिंदीत येत नाही. हिंदीवर चाचणी करून समाधान मानणाऱ्या अनेकांच्या नजरेतून तो सुटतो. चिन्हांच्या रांगेतून योग्य आकार, योग्य जागी, योग्य जोडाक्षरासह उभे करण्याचं हे काम फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी वेगळं इंजिन लागतं. हार्फबझ हे त्यातलं मुक्त इंजिन आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, क्यूटी, जीटीके आणि फ्लटर या सगळ्यांच्या पोटात आहे. विंडोज आणि मॅककडे त्यांची स्वतःची इंजिनं आहेत.

म्हणून लायब्ररी निवडताना विचारायचा पहिला प्रश्न असा: अक्षरं घडवायला हिच्याकडे कोणतं इंजिन आहे? उत्तर नेहमी समाधानकारक असेलच असं नाही. पायथॉनसोबत येणारं टीकेइंटर शिकायला सर्वांत सोपं. महाविद्यालयातले कितीतरी प्रकल्प त्यात होतात. विंडोजवर ते प्रणालीच्या आधारानं मराठी दाखवतं. पण त्याच्या तळाशी असलेल्या टीकेची ८.६ ही आवृत्ती लिनक्सवर चिन्हांमागून चिन्हं नुसती मांडत जाते. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षर फुटलेलं, हलन्त उघडा पडलेला. पायथॉनच्याच किव्ही या लायब्ररीत आयता मिळणारा फॉन्ट देवनागरीचा नाही, त्यामुळे आधी नुसते चौकोन दिसतात. फॉन्ट बदलला तरी नेहमीच्या मांडणीत जोडाक्षरांचा प्रश्न उरतोच. खेळांच्या आणि अवजारांच्या जगात लोकप्रिय असलेली डिअर आयएमजीयूआय ही लायब्ररी हलकी आणि अतिशय वेगवान आहे, पण तिच्याकडे हे इंजिनच नाही. या लायब्ररी वाईट नाहीत. मराठी बिलासाठी त्या नाहीत, एवढंच.

फॉन्टच्या बाबतीत परिस्थिती आता चांगली आहे. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित देवनागरी, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, गुगलचा नोटो हे सगळे मुक्त परवान्याचे. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर कोणता फॉन्ट असेल याचा भरवसा न धरता असा एखादा फॉन्ट प्रोग्रामसोबतच द्यावा.

मराठी नीट दिसली म्हणजे काम झालं असं नाही. ती लिहिताही यायला हवी. कोणी इनस्क्रिप्टनं लिहितो, कोणी रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवतो, फोनवर कोणी बोलून लिहितो. लिनक्सवर हे काम आयबससारखी व्यवस्था करते. प्रोग्रामची सगळी सामग्री एकत्र बांधून देताना इनपुटचं प्लगइन मागे राहिलं, तर दुकानदार मराठी कीबोर्ड निवडतो आणि रकान्यात अक्षरच उमटत नाही. स्वतः सगळं रंगवणाऱ्या लायब्ररींत ही चाचणी जास्त कडकपणे करावी लागते.

छपाईचंही तसंच. बिलं छापणाऱ्या बऱ्याच छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच. मजकुराचं चित्र करून ते पाठवावं लागतं. क्यूटी आणि डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये चित्रावर मजकूर काढण्याची आणि छापण्याची सोय आधीपासून आहे. फ्लटरच्या गाभ्यात छपाई नाही, त्यासाठी वेगळं पॅकेज घ्यावं लागतं आणि त्या पॅकेजला मराठी जोडाक्षरं येतात का हे पुन्हा वेगळं तपासावं लागतं.

आणखी एक माणूस या निवडीत बहुतेक वेळा विसरला जातो: न पाहता संगणक वापरणारा. आंधळी व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीनं पडद्यावरचं ऐकते. विंडोजवर मोफत मिळणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर त्यासाठी जगभर वापरतात आणि त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथॉनच्या आहेत. प्रणालीचं खरं बटण वापरलं की ‘इथे बटण आहे, त्याचं नाव अमुक’ ही माहिती स्क्रीन रीडरला आपोआप मिळते. स्वतः रंगवणाऱ्या लायब्ररींना ती मुद्दाम पुरवावी लागते. क्यूटी आणि फ्लटर ती पुरवतात, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं प्रत्येक चित्ररूपी बटणाला नाव दिलं तरच. बँकेत, सरकारी कचेरीत किंवा शाळेत जाणार असलेल्या प्रोग्रामनं ही चाचणी टाळणं म्हणजे काही लोकांना दाराबाहेर ठेवणं आहे.

परवान्याकडे नवखे लोक शेवटी पाहतात, पण तो आधी पाहायला हवा. क्यूटीचाच इतिहास याची साक्ष देतो. १९९६ साली मातियास एट्रिख यांनी लिनक्ससाठी केडीई हा डेस्कटॉप क्यूटीवर सुरू केला. त्या वेळचा क्यूटीचा परवाना पुरेसा मुक्त नाही, या चिंतेतून १९९७ साली नोम हा दुसरा डेस्कटॉप जीटीकेवर उभा राहिला. २००९ साली क्यूटीच्या ४.५ आवृत्तीला एलजीपीएल परवाना मिळाला आणि धंद्यासाठी तिचा वापर सुकर झाला. तरी आजही बारकावे आहेत. पायथॉनमधून क्यूटी वापरण्याचे दोन मार्ग आहेत. पायक्यूटी जीपीएलमध्ये किंवा विकत मिळते. म्हणजे ती फुकट वापरून प्रोग्राम विकायचा असेल, तर त्याचा कोड गिऱ्हाइकाला त्याच परवान्यानं देणं येतं. पायसाइड ही अधिकृत जोड एलजीपीएलमध्ये आहे; अटी पाळल्या तर आपला कोड उघड न करता प्रोग्राम विकता येतो. दोन्हींतली कोड लिहिण्याची पद्धत जवळजवळ सारखी, म्हणूनच गफलत होते. क्यूटीचे काही भाग फक्त जीपीएलमध्ये असतात, तेही पाहून घ्यावं. डब्ल्यूएक्सविजेट्सचा परवाना या बाबतीत क्यूटीपेक्षा सैल.

उरला काउंटरवरचा जुना संगणक. क्यूटीची सहावी पिढी विंडोज ७ वर चालत नाही, ५.१५ चालते. इलेक्ट्रॉननं २०२३ साली २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडलं. पायथॉन ३.९ आणि पुढच्या आवृत्त्याही विंडोज ७ वर बसत नाहीत. आधार संपलेली प्रणाली वापरू नये हे खरं, पण दुकानदार चालू यंत्र केवळ बिलाच्या प्रोग्रामसाठी फेकून देत नाही. ते यंत्र पाहिल्याशिवाय लायब्ररी ठरवू नये. त्याची मेमरी ४ जीबी असेल, तर तिथे इलेक्ट्रॉनचे दोन-तीन प्रोग्राम एकाच वेळी उघडून पाहावेत. उत्तर लगेच मिळतं.

मग निवडायचं काय? संगणक हाच मुख्य आणि फोन दुय्यम असेल, छपाई असेल, मराठी मजकूर भरपूर असेल, तर पायसाइड किंवा सी प्लस प्लसमधून क्यूटी, ही आजची सर्वांत निर्धास्त निवड आहे. प्रणालीशी एकरूप दिसणं आणि स्क्रीन रीडर महत्त्वाचे असतील, तर डब्ल्यूएक्सविजेट्स. काम मुख्यतः फोनवर होणार असेल, तर फ्लटर. त्याची डेस्कटॉप बाजूही २०२२ पासून तिन्ही प्रणालींवर स्थिर झाली आहे. इंटरनेट कायम असेल आणि काम अर्ज भरण्यापुरतं असेल, तर वेगळा प्रोग्राम हवाच कशाला, ब्राउझरमधलं पान पुरतं. टीकेइंटर शिकण्यासाठी आणि स्वतःच्या छोट्या अवजारांसाठी उत्तम; मराठी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासाठी नाही. शिकायला साधनं हवी असतील तर आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात पायथॉनसह अनेक विषयांचे धडे मोफत आहेत आणि त्यांतले कित्येक मराठी आवाजात ऐकता येतात.

निवड पक्की करण्याआधी मात्र एक दिवस द्यावा. निवडीत असलेल्या प्रत्येक लायब्ररीत एकच खिडकी करावी: एक मजकुराचा रकाना, एक यादी, एक छपाईचं बटण. तीत हुडकेश्वर, दिघोरी, वर्धा, शेतकऱ्यांना, ॲल्युमिनियम हे शब्द स्वतः टाइप करावेत, कर्सर फिरवावा, मधलं अक्षर खोडावं, यादी अकारविल्हे लावावी, दीड लाख रुपये १,५०,००० असे दिसतात का ते पाहावं, आणि हे सगळं गिऱ्हाइकाच्या खऱ्या यंत्रावर करावं. कुठे वेलांटी सरकली किंवा ऱ्य फुटला, तर नुसती लायब्ररी सोडून देऊ नये. त्या प्रकल्पाला पडद्याच्या चित्रासह कळवावं. या लायब्ररी बहुतेक मुक्त आहेत, त्यांचे कर्ते तक्रारी वाचतात आणि दुरुस्त करतात. मराठीतल्या चुका मराठी माणसानं दाखवल्या नाहीत, तर त्या दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नाही.